फुआतिनोकाकूची फुली

माझ्या फुआतिनोकाकूनं आयुष्यात दोनदाच मतदान केलं; तिसरी संधी येण्याआधीच ती गेली. दोन्ही वेळा ती आत इतका वेळ बसून राहिली की बाहेरच्यांना वाटावं, हिला डुलकी लागली. दोन्ही मतदानांत एकोणतीस वर्षांचं अंतर होतं. दोन्ही वेळा मी तिथं हजर होते, त्यामुळे हे सांगायचा हक्क माझा. गावात बाकीचे जे सांगतात त्यात निम्मं तिखटमीठ आहे.

काकू म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिचं माहेर सावाई बेटावरचं. लग्न होऊन आमच्या फागालेले गावात आली आणि चौथ्याच वर्षी काका मासे धरायला गेला तो परत आला नाही. तिला मूल नव्हतं. मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली होती. अशा आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. लोक म्हणायचे, काकूनं सिएनीला वाढवलं. काकू म्हणायची, "मी कसली वाढवते? कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी अळकुडी टाकली पुढ्यात, आपोआप वाढली."

तिच्या हातात मात्र जादू होती. केवड्याच्या पातीची जी बारीक चटई आमच्याकडे लग्नात, मयतीत, किताब देताना पुढे ठेवतात, तशी चटई विणणारी तिच्यासारखी बाई आजूबाजूच्या पाच गावांत नव्हती. एकेका चटईला दोन-दोन वर्षं. विणायच्या घरात सगळ्या बायका एकत्र बसायच्या, एकमेकींना हात द्यायच्या, पण काकूच्या चटईला कुणी हात लावायचा नाही. एकदा ती जेवायला उठली असताना मी लाडानं चार ओळी विणून ठेवल्या. परत आली, बोटं फिरवली आणि काही न बोलता चारही ओळी उसवल्या. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "वाईट नव्हत्या गं. तुझ्या होत्या, एवढंच."

बाबांबद्दल काय सांगावं! त्यांचं खरं नाव काय होतं ते त्यांनाही आठवायला वेळ लागला असता. तापुसोआ हा आमच्या घराचा किताब, तो ज्याच्याकडे तो घरचा मताई. घरची जमीन, घरची माणसं आणि घरचा शब्द, सगळं मताईच्या हातात. त्यात बाबा वक्त्यांच्या घराण्यातले. हातात वक्त्याची उंच काठी, खांद्यावर काथ्याचा झुपका, आणि आवाज असा की समोरच्या घरातलं बाळ उठायचं. गावच्या बैठकीत अकरा मताई गोल बसायचे आणि एकमत होईपर्यंत उठायचे नाहीत. एकदा ठरलं की ठरलं. वेगळं मत असणं हा आमच्याकडे गुन्हा नव्हता, पण ते असल्याचं कळणं हा होता.

त्या काळी महासागरातली ही आमची बेटं न्यूझीलंडच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणायचं नाही, 'सांभाळायला' म्हणायचं. आधी जर्मन होते. पहिल्या महायुद्धात ते गेले, न्यूझीलंडवाले आले, आणि लांब कुठंतरी मोठ्या लोकांनी बसून ठरवलं की या बेटांवरच्या माणसांना अजून आपलं आपण बघता येत नाही, तोवर न्यूझीलंडनं विश्वस्त म्हणून बघावं. पुढे युनो आली आणि ती विश्वस्तावर लक्ष ठेवू लागली. बाबांनी हे एकदा काकूला तासभर समजावून सांगितलं. काकूनं पाती सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळलं, भाऊजी. मी गावाला जाताना चटई शेजारणीकडे ठेवली. शेजारीण चाळीस वर्षं तिच्यावर बसली. आता मलाच विचारते, 'बाई गं, तुला सांभाळता येईल ना?'"

बाबांनी हे पुढच्या बैठकीत स्वतःचं म्हणून खपवलं. खूप हशा मिळाला म्हणे.

दर तीन वर्षांनी युनोचे पाहुणे विश्वस्ताचा कारभार तपासायला यायचे. मग डुकरं भाजायची, आवाच्या मुळ्यांचं मानाचं पेय घोटायचं, आणि बाबा उभे राहून दीड तास बोलायचे. दुभाष्या ते तीन वाक्यांत उरकायचा. "माझ्या पूर्वजांना त्यानं एका वाक्यात कोंबलं!" म्हणून बाबा आठवडाभर धुमसायचे.

शेवटी एकसष्ट साली युनोनं सांगितलं, आता लोकांनाच विचारू. दोन प्रश्न. पहिला, नवी राज्यघटना पसंत आहे का? दुसरा, येत्या एक जानेवारीला स्वतंत्र व्हायचं का? आणि हे मताईंना नाही, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचं. बायकांनासुद्धा! सरपंच वही घेऊन नावं लिहायला आला.

"वय?" त्यानं काकूला विचारलं.

"मोठ्या तापाच्या साथीत मी रांगत होते."

"म्हणजे किती?"

"तेव्हा तू किती होतास?"

"मी? मी चालायला लागलो होतो."

"मग लिही, तुझ्यापेक्षा एक वर्षानं कमी, आणि अकलेनं मोठी."

साथ अठरा सालची, त्यावरून हिशेब करून त्यानं त्रेचाळीस लिहिलं. मला नुकतीच एकवीस पूर्ण झाली होती. वहीत आपलं नाव बघून मी दोन दिवस हवेत होते.

पण गावच्या बैठकीनं आधीच ठरवून टाकलं होतं. दोन्ही प्रश्नांना गावाचं उत्तर होय. बाबांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरात जाहीर केलं. काकूनं विचारलं, "त्या घटनेत आहे काय?"

"आहे सगळं चांगलंच. देव आहे, रीतिरिवाज आहेत."

"आणि यापुढं मत कोण देणार?"

बाबांनी झुपका या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "मताई. रीतच आहे ती."

"म्हणजे आम्हाला एकदा विचारणार, की यापुढं तुम्हाला विचारायचं नाही हे चालेल ना?"

"फुआतिनो, तू शब्द फिरवतेस."

"मी नाही फिरवत. स्वातंत्र्याला माझं होय, भाऊजी, दोन्ही हात वर करून होय. पहिल्याला माझं नाही."

मी खाली बघत नीरफणसाची साल काढत राहिले. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वरून सोडलेल्या झावळ्यांच्या चटया. पलीकडच्या तीन घरांत अचानक सगळ्यांचं बोलणं थांबलं होतं.

बाबांनी पहिल्यांदा आवाज खाली आणला. ते हळू बोलू लागले की समजावं, खरंच रागावलेत. "हे बघ. बैठकीत मी शब्द दिलाय. एक जरी 'नाही' निघालं तरी ज्या घरातून निघालं त्या घरानं सगळ्या गावाला डुकरं घालायची, असं ठरलंय. डुकरांचं सोड. माझ्या काठीची अब्रू आहे. तुझं 'नाही' निघालं तर तुला होडीत बसवून सावाईला पाठवीन. कायमची. माझा भाऊ राहिला नाही, तुला मूल नाही, तुला इथं ठेवायला माझ्यावर कुणाची बळजबरी नाही."

हे त्यांनी बोलायला नको होतं. त्यांनाही ते लगेच कळलं असावं, कारण ते उठून डुकरं बघायला गेले, आणि आमची डुकरं तर केव्हाच बांधून झाली होती.

काकूनं चटई अंथरली आणि आडवी झाली. मला मात्र झोप लागेना. तिच्याशिवाय ते घर मला घरच वाटलं नसतं. सकाळी मी तिच्या हातापाया पडले. "काकू, कर ना गं होय. कागदच तर आहे. कुणाला काय फरक पडतो?"

"मग भाऊजींना कशाला पडतो?" ती म्हणाली.

मतदान आमच्या मोठ्या सभाघरात होतं. राजधानीतून, आपियाहून, इओआने नावाचा तरुण अधिकारी आला होता, कमरेला लुंगीसारखा लावालावा आणि वर टाय. त्याच्यासोबत युनोचा एक निरीक्षक. त्याचं नाव कुणालाच उच्चारता येईना, आणि होता माडासारखा उंच, म्हणून तो 'लांबसाहेब' झाला. मांडी घालता येत नसल्यानं त्यानं पाय लांब केले, तेही थेट मताईंच्या दिशेनं. सगळीकडे कुजबुज झाली. काकूनं शांतपणे उठून त्याच्या पायांवर चटई टाकली आणि गावाची लाज राखली.

इओआनेनं मतदानासाठी उंच टेबल आणलं होतं, उभ्यानं खूण करायला. मताई बसलेले असताना घरात उभं राहायचं? म्हाताऱ्यांनी डोळेच मिटले. शेवटी टेबल बाहेर गेलं, कोपऱ्यात चटई अंथरली आणि पुढं झाडाच्या सालीच्या कापडाचा नक्षीदार पडदा टांगला. मतपेटीसुद्धा मताईंच्या रांगेत नीट बसवली. मग जो तो कमरेत वाकून, "माफी असावी, माफी असावी," म्हणत पेटीसमोरून जाऊ लागला. पाद्रीबाईंनी तर पेटीला तब्येत विचारली.

आमच्या घराची पाळी आली तेव्हा बाबा पुढे झाले. "तापुसोआच्या घरची नऊ मतं. द्या नऊ कागद इकडे."

"ज्याचा त्यानं घ्यायचा, काका," इओआने म्हणाला.

"मीच तर तो ज्याचा त्याचा! आमच्या घरात नऊ तोंडं जेवतात, बोलतं एकच."

"कागदाला बोलावं लागत नाही, काका. एकेकानं पडद्यामागं जायचं. गुपित आहे."

"स्वतःच्या माणसांपासून गुपित? हे तुम्हाला शोभतं?" बाबांनी लांबसाहेबाकडे बघितलं. लांबसाहेब गोड हसला, कारण त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

बाबांचं काही चाललं नाही. पण हार मानतील तर ते बाबा कसले! ते पडद्याला लागूनच मांडी घालून बसले. दोन 'होय'ला किती वेळ लागतो याचा त्यांनी स्वतःच्या मतावरून अंदाज घेतला होता. कुणी त्याहून जास्त रेंगाळलं की ते खाकरायचे. एकदा खाकरले की आतला माणूस उंदरासारखा बाहेर.

काकू आत गेली. बाबा थांबले. खाकरले. काही नाही. परत खाकरले, जोरात. सगळं सभाघर पडद्याकडे बघत होतं. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा आतून आवाज आला, "भाऊजी, घसा बसलाय का? सिएनी, कोको दे गं त्यांना गरम."

बायकांच्या बाजूला अशी खसखस पिकली की सरपंचाला ओरडावं लागलं. काकू आपल्या वेळेनं बाहेर आली, पेटीला वाकून माफी मागितली आणि कागद आत टाकला.

माझी पाळी नंतरची. आत बसले. पेन्सिल हातात घेतली. मी मनाशी पक्कं केलं होतं, काकूला एकटी पडू द्यायची नाही. सावाईला गेलो तर दोघी जाऊ. पेन्सिल पहिल्या प्रश्नाच्या 'नाही'जवळ नेली, आणि बाहेर बाबा खाकरले. मी दोन्हीकडे 'होय'वर फुली मारून बाहेर आले. एवढी लाज मला आयुष्यात परत वाटली नाही.

मोजणी उजेडातच झाली. इओआने एकेक कागद उघडून वाचायचा आणि लांबसाहेबाला दाखवायचा. होय, होय, होय. बाबांचे खांदे सैल पडले. मग पहिल्या प्रश्नावर इओआने म्हणाला, "नाही."

सगळ्या माना वळल्या. काकू मांडीवरची पाती सोलत होती. बाबांनी काठी घट्ट धरली. माझ्या डोळ्यासमोर होडीच आली.

"होय. होय. नाही."

दुसरं? बाबांची मान माझ्याकडे वळली. मी नाही, मी नाही, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"नाही. होय. नाही. नाही."

दहा झाल्यावर मताई एकमेकांकडे बघेनात. वीस झाल्यावर सरपंचानं चष्मा पुसला. स्वातंत्र्याला एकशे अठरापैकी एकशे अठरा होय. घटनेला एकाहत्तर होय आणि सत्तेचाळीस नाही.  बायकांच्या बाजूला प्रत्येक बाई शेजारणीकडे चोरून बघत होती, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तेच: अगं बाई, तूपण?

दुसऱ्या दिवशी बैठकीत एकेका मताईनं शपथ घेतली की 'नाही' आमच्या घरातलं नाही. अकरा शपथा झाल्या, आणि सत्तेचाळीस मतांना वालीच उरला नाही. शेवटी बाबा काठी टेकून उभे राहिले. विणायच्या घरात आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दंड ठरलेला आहे," बाबा म्हणाले, "आणि ठरलेलं बदलत नाही. पण घर सापडत नाही. म्हणून दंड सगळ्या घरांना. सगळ्यांनी सगळ्यांना डुकरं घालायची. आणि ज्या बाईनं 'नाही' म्हटलं तिला माहेरी पाठवायचा माझा शब्द होता, तोही मी पाळला असता. पण सत्तेचाळीस बायका मावतील एवढी होडी फागालेलेत नाही."

"त्यात चार-पाच बाप्येपण असतील हो!" विणायच्या घरातून कुणीतरी ओरडलं. ती काकूच होती. पलीकडे अकरा मताई एकदम हसायला लागले.

दंड असा झाला की तसला सण आम्ही स्वातंत्र्याच्या दिवशीही केला नाही. भट्ट्यांवरून अळूच्या पानांत उकळणाऱ्या नारळाच्या दुधाचा वास सुटला होता. बाबांनी डुकराचा पाठीचा तुकडा, जो मताईचा मान असतो, स्वतःच्या हातानं काकूच्या पुढ्यात ठेवला. "खा. होडीचं बोललो ते विसर." काकू म्हणाली, "कुठली होडी?" आणि खायला लागली.

मी तिच्याजवळ सरकले आणि सगळं कबूल केलं. रडलेसुद्धा.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माशी मारायला लागतो तेवढ्या वेळात तू बाहेर आलीस."

"रागावलीस?"

"का? ती तुझी फुली. माझ्यासाठी मारली असतीस तर मला उसवावी लागली असती."

पुढं एक जानेवारीला झेंडा चढला, न्यूझीलंडवाल्यांचा उतरला, काकू आणि मी दोघी रडलो आणि नाचलो. घटना तीच आली. मत मताईंचं. बाबा दर निवडणुकीला ऐटीत जायचे, काकू त्यांना कोको करून द्यायची, "घसा सांभाळा" म्हणायची. त्र्याहत्तरमध्ये बाबा गेले. दोन वर्षं भांडणं होऊन किताब शेवटी माझ्याकडे आला. बाईकडे किताब! तेव्हापासून मीच तापुसोआ. दर निवडणुकीला मी मत द्यायला निघाले की काकू दारातून बघायची. एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नव्वद साली सरकारनं परत सगळ्यांना विचारलं: मत फक्त मताईंनी द्यायचं, की एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकानं? गावची बैठक बसली. अकरा मताईंत मी एक. बहुतेकांचं म्हणणं, आपलं आहे ते का सोडायचं? खरं सांगते, मलाही ते अगदीच चुकीचं वाटलं नाही. जे हातात असतं ते गोड लागतंच. बैठकीनं या वेळी एकच शहाणपण केलं, कुणी कशावर फुली मारायची ते सांगितलं नाही.

काकू तेव्हा बहात्तरची. बारीक विणून विणून डोळे गेलेले, नुसता उजेड दिसायचा. शाळेत पुठ्ठ्याचे आडोसे लावले होते. अधिकारी मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्या वतीनं मी खूण करते. नाहीतर या करतील." तिनं माझ्याकडे बोट केलं.

"कुणी नाही करायची," काकू म्हणाली. "मला खाली बसव. कागदाची कड माझ्या बोटाखाली दे, आणि कुठला चौकोन कशाचा ते सांग. आणि मग दोघी लांब व्हा."

ती बसली. कागदावर बोटं फिरवत राहिली, जशी चटईवर फिरवायची, कडेपासून आत, परत कडेपर्यंत. रांग खोळंबली. कुणीतरी चुळबुळ केली. माझ्या घशाशी बाबांचं खाकरणं आलं होतं, मी ते गिळलं. बऱ्याच वेळानं तिनं पेन्सिल टेकवली. कागद घडी करून स्वतःच उठली, आणि पेटीपाशी वाकून "माफी असावी" म्हणाली. तिथली तरुण पोरं हसली. मी नाही हसले.

मग माझी पाळी. आत बसले. या वेळी कुणी बाप बाहेर बसला नव्हता. तरी पेन्सिल हलेना. माझ्या हातातलं मला सोडायचं होतं, आणि ते मी काकूसाठी सोडतेय की माझ्या मनाला पटतंय म्हणून, हे मला आधी बघायचं होतं. मी बघत बसले.

बाहेर कुणीतरी खाकरलं.

परत खाकरलं, हुबेहूब बाबांसारखं. आणि मग काकूचा आवाज, "सिएनी, काय पाती सोलतेस की काय आत?"

"तुझा घसा बसलाय," मी आतूनच ओरडले. "कोको पी!"

सगळी शाळा हसली. मी माझ्या वेळेनं फुली मारली. प्रत्येकानं मत द्यावं, या चौकोनात मारली. तुम्हाला सांगायला हरकत नाही; देशाचा निकालही थोडक्या फरकानं तसाच लागला.

घरी जाताना तिनं माझा दंड धरला होता. आम्ही चर्च मागं टाकलं. मग तिनं हळूच विचारलं, "कशावर मारलीस गं?"

"नाही सांगणार."

ती थांबली. माझ्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"नकोच सांगू," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत हसत राहिली.